मी पाडायला सांगितलेलं रेंज ऑफिस

"रेंजर होतात, म्हणजे वाघ किती पाहिले?" हा प्रश्न मला रिटायर झाल्यावरही लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. मी खरा आकडा सांगते आणि समोरच्याची निराशा होते. रेंजरला वाघापेक्षा कागद जास्त भेटतात.

ज्यांना आमचं खातं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जंगलाचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे बीट. तो वनरक्षकाकडे असतो. अशा काही बिटांचा राऊंड, तो वनपालाकडे. राऊंड मिळून रेंज होते, आणि तिचा प्रमुख तो रेंजर. त्याच्यावर डीएफओ, म्हणजे विभागीय वन अधिकारी. खालचे सगळे रेंजरला येऊन सांगतात आणि वरचे सगळे रेंजरला बोलावून विचारतात. सागवान चोरीला गेलं, वणवा लागला, तेंदूपत्त्याचे पुडे भिजले, अस्वलानं माणूस फाडला, काहीही झालं तरी उत्तर रेंजरनं द्यायचं. मी ती उत्तरं नोकरीभर दिली आणि बहुतेक बरोबर दिली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

एक उत्तर मात्र चुकलं. ते मी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं आणि परत घ्यायला मला दीड वर्ष लागलं.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याला काही वर्षं झाली होती. माझी बदली साजटोल्याला झाली. तुमसरहून आंबागडच्या डोंगराकडे जाताना मध्येच एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं आत. मी पवनीची, वैनगंगेच्या काठची. आमच्याकडे धानाची सपाट बांधी, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, इथं तीन बाजूंनी डोंगर. साजटोल्याला कोणी हौसेनं जात नसे. मला पाठवलं कारण मी नवीन होते आणि बाई होते. दोन महिन्यांत रडत परत येईल, असं काही लोकांचं गणित होतं.

रेंज ऑफिस इंग्रजांच्या काळचं. नेमकं कधी बांधलं ते कुठं लिहिलेलं नव्हतं. छातीइतका उंच दगडी जोता, त्यावर सागाच्या खांबांचा लांब वरांडा, आत ऑफिसची मोठी खोली आणि मागे रेकॉर्ड रूम. अंगणाच्या डाव्या हाताला रेस्ट हाऊस, उजवीकडे रेंजरचं क्वार्टर, मागे साहेबाच्या घोड्यासाठी बांधलेला तबेला, मध्ये चिरेबंदी विहीर. सगळ्यांवर कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं, छप्पर. चुन्याच्या भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस मांडी घालून बसेल.

मी पहिल्या दिवशी हे सगळं पाहिलं आणि मनात म्हटलं, किती जुनाट!

तिथं दोन माणसांशी माझा रोजचा संबंध आला. एक वनपाल कटरे. वयानं माझ्याहून बरेच मोठे, कामाला चोख, पण प्रत्येक गोष्टीत आधी अडचण सांगायची आणि मग ती गोष्ट करून टाकायची, असा स्वभाव. दुसरा दयाराम, रेस्ट हाऊसचा चौकीदार. स्वयंपाकही तोच करायचा. दयाराम कमी बोलायचा आणि बोलला तर जमिनीकडे बघून.

मी मे महिन्यात हजर झाले. त्याच आठवड्यात दयाराम आला.

"साहेब, कवेलू फेराचे आहेत."

बाई असले तरी मी त्याच्यासाठी साहेबच होते.

"म्हणजे काय करायचं?"

"वर चढून सारे कवेलू काढाचे, फुटले ते बदलाचे, पाला झाडाचा, पुन्ना बसवाचे. दरवर्षी पान्याच्या आधी करतो जी. चार मानसं लागतात."

मी कवेलूंकडे पाहिलं. मला ते ठीक दिसले. आल्या आल्या चार माणसांची मजुरी या खापरांवर घालवायची माझी तयारी नव्हती. ते पैसे वणव्याच्या कामाला वापरू, असं मी म्हटलं आणि त्याला परत पाठवलं. तो "बरं जी" म्हणाला आणि गेला.

जुलैत ऑफिस असं गळलं की मला टेबलाखाली पाय ठेवता येईना. वर्तमानपत्रं, घमेली, बादल्या, सगळं मांडून झालं. एका दुपारी छपरातून आलेलं पाणी थेट माझ्या जप्तीच्या प्रकरणावर पडलं. पंचनाम्याची शाई पसरली. ते प्रकरण मी आठ दिवस खपून तयार केलं होतं. मी त्याच दुपारी कागद ओढला आणि वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'सदर इमारत पूर्णतः जीर्ण व धोकादायक झाली असून तिचे कोणतेही उपयुक्त मूल्य उरलेले नाही, सबब निर्लेखित करून त्या जागी नवीन आर.सी.सी. इमारत मंजूर व्हावी.' निर्लेखित म्हणजे सरकारी दप्तरातून नाव काढून टाकणं. नाव निघालं की इमारत पाडायची आणि लाकूड लिलावात विकायचं.

पत्र लिहिताना दयाराम दारात बादली घेऊन उभा होता. म्हणाला, "साहेब, हे घर वयानं नाही गळत."

"मग कशानं गळतं?" मी ओरडलेच. "तुम्ही इथं दरवर्षी छपराची कामं केली ना? मग हे काय आहे?"

त्यानं बादली ठेवली आणि दुसरी आणायला गेला. मी त्याला त्या वर्षी वर चढू दिलं नव्हतं, म्हणून छप्पर गळत होतं. हे त्याला माहीत होतं. मला ते कळायला वर्ष लागलं. त्यानं कधीच तोंडावर सांगितलं नाही. या नोकरीत माझ्या हातून जे काही वाईट झालं, त्यात त्या दुपारचं ओरडणं मला सगळ्यात जास्त टोचतं.

सरकारी कामं लवकर होत नाहीत अशी सगळ्यांची तक्रार असते. माझं हे पत्र मात्र पळत सुटलं. पुढच्या मार्चमध्ये मंजुरी आली. मंजुरीमागोमाग, लिलाव व्हायच्या आधीच, नागपूरकडचा एक लाकूड व्यापारी मोटारसायकलवर आला. वरांड्यातल्या प्रत्येक खांबाला त्यानं दोन्ही हातांनी कवेत घेऊन पाहिलं. एकाला नखानं खरवडलं आणि नाकाला लावून वास घेतला.

"मॅडम, असा सागवान आता झाडावर पन नाही भेटत," तो म्हणाला. "ह्याचे जेवनाचे टेबल बनवतो मी. मोठ्या हॉटेलवाल्यांची लाईन लागून राहिली."

मी त्याला चहा पाजला. मला खरंच काही वाटलं नाही, उलट पत्राचा निकाल लागला याचा अभिमान वाटला.

मग एप्रिल आला. एप्रिल म्हणजे मोह. पहाटे झाडाखाली पिवळट फुलांचा सडा पडतो आणि आजूबाजूच्या टोल्यांवरच्या, म्हणजे वाड्यांवरच्या, बाया टोपल्या घेऊन वेचायला जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. दोघं एकाच वेळी एकाच झाडाखाली पोचले की काय होतं ते आम्हाला दरवर्षी बघावं लागतं. त्या वर्षी साजटोल्याची एक तरुण सून अस्वलाच्या तावडीत सापडली. अस्वलानं खांदा आणि डोक्याची कातडी फाडली होती. लोकांनी तिला खाटेवर घालून थेट रेंज ऑफिसात आणलं. मी आमच्या जीपमध्ये तिला तुमसरच्या दवाखान्यात पाठवलं, बरोबर एक वनरक्षक दिला, आणि वळून पाहते तो अंगण माणसांनी भरलं होतं.

कटरे माझ्या कानाशी लागले. "मॅडम, आत चला, दार लावून घेऊ. दार जुनं आहे, हत्तीलाही मोडणार नाही."

"आणि मग?"

"मग पोलिसांना फोन."

मी आत गेले नाही. बाईचं रक्त अजून वरांड्याच्या फरशीवर होतं. तिथंच मी टेबल बाहेर मांडायला लावलं, पंचनाम्याचे कागद घेतले आणि नुकसानभरपाईसाठी काय काय लागतं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. लोक आधी ओरडले. कोणी म्हणालं, तुमाले जनावरं प्यारी, मानसं नाही. मी ऐकून घेतलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. मग एकेक जण पुढं येऊन सांगू लागला, कोण कुठं होतं, अस्वल कुठून आलं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत कागद पूर्ण झाले. ती मुलगी वाचली, हे आधीच सांगून टाकते. डोक्यावरचे केस परत आले आणि दोन वर्षांनी ती पुन्हा मोह वेचताना मला भेटली.

कागदावर घरच्या मोठ्या माणसाचा अंगठा हवा होता. तिची आजेसासू चिंचेखाली बसलेली होती. सुगंधाबाई नाव. सत्तरीची असावी, कोरड्या हातापायांची, पांढरं लुगडं.

"आजी, वर या," मी म्हटलं. "इथं सावलीत बसा."

"नाही जी. मी नाही चढत तिथं. कागद खाली आना."

मी कागद खाली नेला. अंगठा घेताना तिनं विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"पवनीची. गजभिये."

"जयभीम, पोरी."

"जयभीम, आजी. वर काहून नाही येत?"

मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलले. ती आमच्या घरातलीच बोली आहे, फक्त ऑफिसात मी ती पेटीत ठेवत असे. सुगंधाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि वरांड्याच्या डावीकडच्या शेवटच्या खांबाकडे हात केला.

"माह्या बापाले त्या खांबाले बांधलं होतं."

मग तिनं सांगितलं. बापाचं नाव सोमा. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. इंग्रज साहेब शिकारीला आला होता आणि गावातल्या माणसांना हाक्याला बोलावलं होतं. हाका म्हणजे ढोल-डबे वाजवत, ओरडत जंगलातलं जनावर साहेबाच्या बंदुकीसमोर हाकलायचं. मजुरी नाही, वेठ. तेव्हा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती, बांधीत पाणी धरलेलं होतं. सोमा म्हणाला, रोवना टाकून मी येत नाही. शिपायांनी त्याला आणलं आणि दिवसभर खांबाला बांधून ठेवलं.

"माय पान्याचा गडवा घेऊन ह्या चिचेखाली उभी होती. तिले वर चढू नाही देल्लं. आमच्या लोकाले जोत्याले हात बी नाही लावू देत होते. मी मायच्या लुगड्याले धरून. बाप आमच्याकडं पाहे अन् मान फिरवे. सांजेले सोडला."

"मग?"

"मंग काय? आला घरी. दुसऱ्या दिशी रोवना केला. पन ह्या रस्त्यानं पुन्ना कधी नाही गेला. बाजाराले जाचं असलं तरी तळ्याच्या पारीवरून घुमून जाय. मरेस्तोवर."

 माझ्या आजोबांनाही कधी अशा जोत्यावर कोणी चढू दिलं नसतं आणि मी त्या जोत्यावरच्या मोठ्या खुर्चीत बसत होते. मला वाटलं, या बाईला आनंदाची बातमी देऊ.

"आजी, तुम्ही चिंता करू नका. ही इमारत आम्ही पाडून राहिलो. मंजुरी आली. पाण्याआधी खांब बी नाही राहणार अन् जोता बी नाही."

तिनं मान वर केली.

"काहून?"

"जुनी झाली. अन् तुम्हालाही बरं वाटेल."

"मले कायचं बरं वाटन? पाडलं त झालं. मंग माह्या बापाले कुठं बांधलं होतं मनून मी सांगू? लेकराईले काय दाखवू? नवीन बंगला दाखवू? कोन मानन?"

ती उठली आणि बाकीच्यांबरोबर निघून गेली. मी शाईचा पॅड हातात धरून चिंचेखाली उभी राहिले.

त्या आठवड्यात मी इमारत पहिल्यांदा नीट पाहिली. दयारामला बरोबर घेतलं आणि विचारलं, आता सांगा, हे कशानं गळतं. त्यानं जमिनीकडे बघतच सांगितलं. माझ्या आधीच्या एका साहेबानं आढ्यावर आणि भिंतींवर सिमेंट फासलं होतं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद झालं आणि पाणी आतच राहू लागलं. तरीही दरवर्षी कवेलू फेरल्यानं भागत होतं.

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी नाही फेरले जी."

एवढंच. मी त्याची माफी मागितली. तो इतका गडबडला की चहा करतो म्हणून पळाला.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. सदर इमारत दुरुस्तीयोग्य असून निर्लेखनाचा प्रस्ताव रद्द व्हावा. कटरेंनी ते टाईप करताना दोनदा थांबून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, पहिलं पत्र दुसऱ्या रेंजरचं असतं तर बरं झालं असतं." तेवढं मलाही कळत होतं. वरच्या ऑफिसात त्या पत्राची बरीच थट्टा झाली. मला समजावणीचे फोन आले: नवी बिल्डिंग मिळतेय, टाईल्स मिळतायत, कशाला खो घालता. लिलावाची तारीख मी तीन वेळा पुढं ढकलली. एकदा मोजमापाच्या यादीत चूक काढून, एकदा वणव्याच्या नावावर, एकदा चक्क तापाच्या रजेवर जाऊन. ताप खरा होता, पण फार नव्हता. व्यापारी रागावून एकदा येऊन गेला. त्याला चहा मिळाला नाही.

शेवटी डीएफओ साहेब स्वतः आले. दोन्ही पत्रं वरांड्यातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"ही सही कोणाची?"

"माझी, सर."

"आणि ही?"

"तीही माझीच."

"दोन्हींपैकी कोणत्या गजभियेंवर विश्वास ठेवू?"

"दुसरीवर, सर. पहिलीला इथं येऊन दोन महिने झाले होते."

ते हसले नाहीत. मी त्यांना सुगंधाबाईचं बोलणं सांगितलं, तो खांब दाखवला. ते खांबापाशी बराच वेळ उभे राहिले.

"हे दुसऱ्या पत्रात का नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर कदाचित इमारत अजून लवकर पाडली गेली असती, सर."

त्यावरही ते हसले नाहीत, पण बांधकामाच्या अभियंत्याला पाठवायचं कबूल करून गेले. अभियंता तरुण होता, प्रामाणिक होता. त्यानं हातोडीनं ठोकत सगळ्या भिंती तपासल्या. सिमेंटचा गिलावा पोकळ वाजला. तो काढल्यावर आतली भिंत ठणठणीत निघाली. त्यानं अहवालात तसंच लिहिलं. निर्लेखन रद्द झालं. त्याबरोबर माझ्या गोपनीय अहवालात शेरा आला, 'निर्णयात सातत्य नाही.' त्या शेऱ्यानं माझी बढती काही वर्षं अडकवली. मी त्याविरुद्ध अपील केलं नाही. शेरा खरा होता.

दुरुस्तीसाठी चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री हवा होता. दयारामनं बपेऱ्याकडचा श्रावण मिस्त्री आणला. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचा माणूस, अर्धी मराठी अर्धी हिंदी. त्यानं अंगणात खड्डा खणून चुना भिजत घातला आणि महिनाभर त्याला कोणी हात लावायचा नाही म्हणाला. मग यादी दिली: विटेचा चुरा, गूळ, बेलाचा गर, हिरडा.

"हिरडा कशाला?"

"मॅडम, हिरडे के पानी से चुना लोहा हो जाता है. तुमच्याच जंगलात पडून राहिला, बाजारातून कायले आणता?"

कटरेंनी डोक्याला हात लावला. जंगलातून कुठलाही माल न्यायचा तर वाहतूक पास लागतो, आणि तो देणारी मी. "मॅडम, आता आपण आपल्याच ऑफिससाठी आपल्यालाच पास द्यायचा का?" मी दिला. कटरेंनी त्याची रीतसर नोंद केली आणि स्वतः दोन पोती हिरडा वेचून आणला.

एक चूक इथंही झाली. श्रावण मिस्त्रीनं सांगितलं होतं की तबेल्याला पावसाळ्यानंतर हात लावू. मला पावसाआधी सगळं उरकायचं होतं. मी मजूर लावून तबेल्याचं सिमेंट काढायला सुरुवात केली. मागची भिंत आतून पार पोखरलेली होती. सिमेंटनंच ती धरून ठेवली होती. पहिल्याच वळवात ती बसली आणि बरोबर छप्पर घेऊन गेली. कोणी आत नव्हतं, हे नशीब. आज तिथं फक्त जोता आहे. लोक त्यावर बसून डबा खातात आणि मला दरवेळी श्रावण मिस्त्रीचा चेहरा दिसतो.  तो नुसता पडलेल्या विटा एकेक करून रचत बसला होता.

बाकी सगळं मात्र उभं राहिलं. दयाराम आणि तीन माणसांनी कवेलू फेरले आणि त्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर एक थेंब पडला नाही. मी मुद्दाम जप्तीची सगळी प्रकरणं टेबलावर पसरून बसत असे.

नंतर ठरलं की ऑफिसच्या मोठ्या खोलीत जंगलाची माहिती देणारं छोटं दालन करायचं. जुने हातोडे, ज्यांच्यानं लाकडावर सरकारी शिक्का मारतात ते, जुने नकाशे, घोड्याचं खोगीर. आणि मी म्हटलं, डावीकडच्या शेवटच्या खांबाजवळ एक फलक लावायचा.

कटरे माझ्यावर पहिल्यांदाच खरे चिडले. "मॅडम, आपल्याच खात्याच्या इमारतीत आपल्याच खात्याची बदनामी? आणि पुरावा काय?"

दुसरा प्रश्न बरोबर होता. मी रेकॉर्ड रूम उलटीपालटी केली. तिथं कापलेल्या प्रत्येक झाडाचा घेर होता, कोंडवाड्यात घातलेल्या गुरांचे रंग होते, साहेबाच्या घोड्याच्या नालांची नोंद होती. बांधलेल्या माणसाची नव्हती. तेव्हा मी लाकूडचोरीच्या प्रकरणात करतो तेच केलं. गावात जाऊन, सुगंधाबाईच्या ओसरीवर बसून तिचा जबाब घेतला. दोन पंच, तिचा अंगठा, माझी सही. वाचून दाखवला, बरोबर आहे म्हणाली. एक प्रत डीएफओंना पाठवली आणि एक रेकॉर्ड रूममध्ये घोड्याच्या नालांशेजारी ठेवली. डीएफओंनी पेन्सिलनं एकच ओळ लिहून पाठवली, 'फलकास हरकत नाही. शुद्धलेखन तपासावे.'

दालन सुरू झालं त्या दिवशी पाहुणे आले, नारळ फुटला, भाषणं झाली. पाहुण्यांपैकी एकानं फलक वाचून माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि विषय बदलला. दुपारी गर्दी ओसरल्यावर सुगंधाबाई आली, मुलगा आणि अस्वलाच्या तावडीतून वाचलेल्या नातसुनेला घेऊन. चिंचेखालीच थांबली. फलक रंगवणारा पेंटर अजून खाली गेटवरचं नाव रंगवत होता. सुगंधाबाई म्हणाली, "काय लिव्हलं ते वाचून दाखव, पोरी."

मी पायरीवर उभी राहून मोठ्यानं वाचलं. 'इंग्रजी अमलात वेठीस नकार देणाऱ्या लोकांना या खांबाला बांधून ठेवण्यात येत असे.' वाक्य माझं होतं. मी ते खूपदा घासून, कोणाला टोचणार नाही असं केलं होतं.



"लोकाईले मंजे कोनाले?"

"तुमच्या बाबाला, आजी. तसे आणखीही असतील, म्हणून..."

"आनखीचं मले नाही मालूम. माह्या बापाचं नाव हाये ना? जबाबात त घेतलं तू."

 जबाबात मी नाव, गाव, वय, सगळं बारकाईनं लिहिलं होतं. लोकांनी वाचायच्या फलकावर मात्र मी त्याला 'लोकांना' करून टाकलं होतं. आमचे जुने कारकूनही तेच करत आले होते.

मी पेंटरला हाक मारली. तो ब्रश, खडू आणि डबा घेऊन वर आला. वाक्याखाली हातभर जागा रिकामी होती.

"काय लिहू मॅडम?"

"आजींना विचारा."

"नाव सांगा आजी. आडनाव, जात, राहनार कुठचे?"

"सोमा," ती म्हणाली. "सारे सोमाच मनत. गाव साजटोला. अन् बांधलं ते वर लिव्हलंच हाये. खाली त्यानं काय केलं ते लिव्ह."

पेंटरला कळेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कटरे मागून पुढं आले, चष्मा लावला, त्याच्या हातातला खडू घेतला आणि फलकावर स्वतः ओळ आखून दिली. मग सुगंधाबाईला विचारलं, "सांगा, बाई."

तिनं सांगितलं. कटरेंनी तसंच लिहिलं, शुद्ध न करता, आणि पेंटरनं त्यावरून पांढरा रंग फिरवला. आजही ते तसंच आहे.

सोमा, साजटोला. रोवना टाकून हाक्याले गेला नाही.